वणेच्या पुरातली माती कोणत्या सालची?

मृगातला पहिला जोरदार पाऊस पडून गेला की हिंगणघाटजवळ वणा नदीला येणारं पाणी काळपट आणि दाट असतं. ऑगस्टात तेवढाच, कधी त्याहूनही मोठा पूर येतो. तेव्हाही पाणी गढूळच असतं, पण तो दाटपणा नसतो. नदी तीच, पाणी तेवढंच, मग माती कमी का? सरळ उत्तर असं की, जूनमध्ये वावरं उघडी होती आणि ऑगस्टपर्यंत पऱ्हाटी-सोयाबीननं ती झाकली गेली. हे उत्तर निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं कारण वावरात नाही, नाल्यात आहे. मागच्या सालच्या शेवटच्या पावसात जी माती नाल्याच्या तळाशी, पुलाच्या नळ्यांत, नदीच्या वाकणावर येऊन बसली होती, ती पहिला पूर उचलून नेतो. ऑगस्टपर्यंत तो साठा बराचसा संपलेला असतो. म्हणजे जूनच्या पुरात दिसणारी माती काही अंशी गेल्या वर्षीची असते.

या छोट्या गोष्टीत जमीन आणि गाळ यांच्या नात्यातली मोठी अडचण आहे. जंगल तोडलं, कुरण नांगरलं, ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, शेताचा प्लॉट झाला, की नदीतला गाळ बदलतो, असं आपण वाचतो. ते चूक नाही. पण वावर आणि नदी यांच्यामध्ये एक लांब वाट आहे आणि त्या वाटेवर माती थांबत थांबत जाते, कुठे एक दिवस तर कुठे शंभर वर्षं. ही वाट डोळ्यांआड केली की नदीकडे पाहून वावराबद्दल काढलेला प्रत्येक निष्कर्ष संशयास्पद ठरतो.

आधी वावरात काय होतं ते पाहू. उघड्या काळ्या मातीवर पावसाचा टपोरा थेंब आपटला की ढेकूळ फुटतं, बारीक कण सुटे होतात आणि वरची रंध्रं बुजतात. उन्हाळ्यात भेगाळलेली जमीन पहिल्या एक-दोन पावसांत पाणी गटागट पिते. नंतर माती फुगून भेगा मिटल्या की तीच जमीन पाणी आत घ्यायला फार मंद होते. मग पाणी वरून पसरून वाहू लागतं आणि सुटे झालेले कण सोबत नेतं. आपल्याकडे संकरित कपाशी चौफुलीवर लावायची पद्धत रुळली, कारण डवरणी उभी-आडवी दोन्हीकडून करता येते. सोय मोठी, पण दोनपैकी एक दिशा उताराची असते आणि त्या दिशेचं प्रत्येक तास पाण्यासाठी तयार पाट होऊन बसतं. कपाशीच्या रुंद ओळी जमीन झाकायला वेळ घेतात, आणि मोठे पाऊस नेमके त्याच दिवसांत पडतात.

हे नुकसान दिसत का नाही, याचा हिशेब साधा आहे. एका हेक्टरवरून एक मिलिमीटर माती गेली तर तिचं वजन साधारण तेरा टन भरतं. ध्रुव नारायण आणि राम बाबू या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये देशाचा अंदाज मांडला होता. दरवर्षी ५३३ कोटी टन माती आपल्या जागेवरून हलते, हेक्टरी सरासरी १६.३५ टन. म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास. वखराच्या एका पाळीत जमीन याच्या कितीतरी पट खालीवर होते, त्यामुळे कास्तकाराला हे दिसलं नाही तर त्यात त्याचा दोष नाही. पद्धत बदलली तर फरक किती पडतो, तेही मोजलेलं आहे. हैदराबादजवळ पाटनचेरूला इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेच्या भारी काळ्या जमिनीवर १९७६ पासून चाललेल्या प्रयोगात, पावसाळ्यात जमीन पडीक ठेवून रब्बी घेण्याच्या जुन्या पद्धतीत हेक्टरी सहा टनांहून जास्त माती गेली. रुंद वरंबा-सरीवर पावसाळी आणि हिवाळी अशी दोन्ही पिकं घेतली तिथे ती दीड टनावर आली.

या प्रयोगातून आणखी एक गोष्ट सरळ होते. पूर्वीची शेती मातीला जपणारी होती आणि सोयाबीन-कपाशीनं घात केला, अशी मांडणी आपल्याकडे फार आवडते. पण एकोणिसाव्या शतकात वर्धा-नागपूरच्या पट्ट्यात गव्हाखाली बरीच जमीन होती. गव्हाचं वावर अख्खा पावसाळा उघडं ठेवून वखरत राहायची रीत होती. मातीच्या दृष्टीनं याहून वाईट मांडणी शोधूनही सापडणार नाही. त्या जमिनीवर पुढे खरिपाचं पीक आलं, तेव्हा धूप घटली असण्याचीच शक्यता जास्त. उलट आर्वी-कारंजाच्या बाजूची, गौळाऊ गाई पोसणारी कुरणं नांगराखाली आली तिथे नक्की वाढली असणार, कारण दाट गवताइतकं मातीला धरून ठेवणारं दुसरं काही नाही. एकाच जिल्ह्यात, एकाच काळात, दोन उलट बदल. नदीच्या पाण्यात मात्र दोन्हींची बेरीज येते.

आता वाटेकडे वळू. १९८३ च्या त्याच हिशेबाचा दुसरा भाग फारसा कोणी सांगत नाही. जागेवरून हललेल्या मातीपैकी सुमारे २९ टक्के समुद्राला जाते, १० टक्के धरणांत बसते आणि उरलेली ६१ टक्के नुसती एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते. शंभरातले एकसष्ट भाग नदीच्या मुखापर्यंत पोचतच नाहीत. ते धुऱ्याशी थांबतात, खालच्या वावराच्या खोलगट कोपऱ्यात पसरतात, नाल्याच्या वळणावर बसतात, पुराच्या पाण्यासोबत काठच्या मळईत जातात. बरडावरची माती उतरून खालच्या भारी जमिनीत आली, की वरच्याचं नुकसान आणि खालच्याचा फायदा. हे व्यवहार कुठल्याच कागदावर येत नाहीत.

हिंगणघाटच्या माणसाला हे कापसावरून लगेच समजेल. एखाद्या महिन्यात गावाबाहेर किती गाठी गेल्या यावरून त्या महिन्यात किती कापूस वेचला गेला, हे कोणी ठरवत नाही. मध्ये घरातला साठा आहे, बाजार समितीचं आवार आहे, जिनिंगमधला ढीग आहे, भाव वाढायची वाट पाहणारे आहेत. वेचणी थांबली तरी गाठी जात राहतात आणि वेचणी जोरात असली तरी कधी गाठी हलत नाहीत. खोऱ्यातल्या मातीचंही तसंच.

याचा सर्वांत पक्का पुरावा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या कून क्रीक या छोट्या नदीवर मिळाला. तिथे १८५० नंतर गोऱ्या वसाहतवाल्यांनी गवत आणि जंगल मोडून उतारावर शेती केली, धूप भयंकर झाली आणि १९३३ मध्ये त्या देशातलं पहिलं पाणलोट सुधारणेचं काम तिथे सुरू झालं. बांध, समतल पेरणी, पिकांचे पट्टे, सगळं झालं आणि उपयोगीही ठरलं. स्टॅन्ली ट्रिम्बल या भूगोलाच्या अभ्यासकानं नंतर गाळाचे थर मोजून १८५३ ते १९७५ पर्यंतचा ताळेबंद मांडला. उतारावरून सुटलेल्या मातीपैकी जेमतेम सहा-सात टक्के खोऱ्याबाहेर गेली होती. त्याहून चक्रावणारी गोष्ट अशी की, धूप शिखरावर होती तेव्हा आणि ती पुष्कळ घटल्यावरही, नदीच्या मुखाशी वर्षाला जाणारा गाळ जवळजवळ तेवढाच राहिला. आधी जास्तीची माती दरीत साठत होती, पुढे दरीतली जुनी माती सुटून येऊ लागली. मुखाशी बसून कोणी नुसता गाळ मोजत राहिला असता, तर त्यानं सव्वाशे वर्षांत जमिनीचं काही बदललंच नाही, असा अहवाल दिला असता.

वणेच्या खोऱ्यात असा जुना साठा किती आणि कोणत्या काळातला असेल? वणा नागपूरच्या पश्चिमेच्या टेकड्यांतून निघते, बुटीबोरीकडून खाली येते. नांद, बोर आणि धाम यांचं पाणी शेवटी तिच्यातच येतं आणि ती वर्धेला मिळते. त्याच बुटीबोरीच्या बाजूला टाकळघाट-खापा इथे शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली नागपूर विद्यापीठानं १९६८-६९ मध्ये उत्खनन केलं. दगडी वर्तुळांखालच्या दफनांत अडीच हजार वर्षांपूर्वीची लोखंडी हत्यारं मिळाली. लोखंड हाती आलेली माणसं या खोऱ्यात तेव्हापासून झाडं तोडताहेत.

आणि त्याचा ठसा समुद्राच्या तळाशी आहे. २००६ मध्ये राष्ट्रीय वायू हायड्रेट मोहिमेत आंध्रच्या किनाऱ्यासमोर समुद्रतळाला भोकं पाडली. शोध ज्वलनशील वायूचा होता, पण वर आलेल्या गाळाच्या लांब नळीत गोदावरीचा हजारो वर्षांचा इतिहास होता. लिव्हिऊ जिओसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये तो वाचला. दख्खनच्या काळ्या पाषाणातून आलेली माती आणि पूर्वेच्या जुन्या खडकांतून आलेली माती निओडिमियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून वेगळी ओळखता येते. गेल्या सुमारे चार हजार वर्षांत गाळ पुष्कळ वाढला आणि त्यात दख्खनचा वाटाही वाढला, असं त्यांना दिसलं. त्या काळात पाऊसमान घटून झाडोरा विरळ झाला होता आणि त्याच सुमारास महाराष्ट्रात ताम्रपाषाणयुगीन शेतीही पसरली होती. दोन्हींतलं कोणतं किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. मला यात महत्त्वाचं वाटतं ते वय. खोऱ्यातल्या माणसानं जमिनीचा वापर बदलला ही बातमी नव्हे, तो चार हजार वर्षं बदलतोच आहे, आणि प्रत्येक बदलाची माती थोडी पुढे, थोडी मध्येच थांबून राहिली आहे.

तिचा एक मोठा थर कापसाच्या साहेबी काळातला असावा. अमेरिकेतल्या यादवीनं, १८६१ ते १८६५, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि हिंगणघाटला सोन्याचे दिवस आले. ‘हिंगणघाट’ हे तर बाजारात कापसाच्या एका उत्तम जातीचं नावच होतं. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, पुढच्या दशकात वर्धा-वरोरा फाट्यावरून ती हिंगणघाटलाही आली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापसाचा स्वतंत्र आयुक्त नेमला गेला. तो रिव्हेट-कार्नॅक कापसाबरोबर नागपूरजवळच्या जुनापाणीची दगडी वर्तुळंही खोदत होता, म्हणजे या मुलखाचे दोन्ही थर एकाच साहेबानं हाताळले. परवडेनाशी बरड, मुरमाड जमीन अशा भावाच्या लाटेत नांगराखाली येते, आणि धूप सर्वांत जास्त तिथेच होते. त्या मुरमाडावरून उतरलेली माती आज कुठे असेल? माझा अंदाज, बरीचशी अजून इथेच आहे, नाल्यांच्या काठांत. काळ्या मातीचे हे उभे काठ पावसाळ्यात ढासळतात तेव्हा आपण म्हणतो, पुरानं काठ खाल्ला. नदी खरं तर खापरपणजोबांच्या वावरातली माती पुढे नेत असते.

आता जंगलाचा मुद्दा. बोर धरणाच्या वरचं खोरं बोर अभयारण्यात आहे, त्यामुळे तिथून माती कमी यायला हवी, आणि शेतीच्या मानानं ती कमी येतेही. पण जंगल म्हटलं की प्रश्न मिटला असं नाही. सागाचं रुंद पान पावसाचे बारीक थेंब गोळा करून मोठा थेंब खाली सोडतं. कर्नाटकात झालेल्या मोजणीत सागाखालचे थेंब उघड्यावरच्या पावसापेक्षा मोठे आणि जास्त जोराचे आढळले. जमिनीवर पाचोळा आणि झुडपं असतील तर काही बिघडत नाही. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून पाचोळा जाळला असेल, तर उभ्या सागाखालची जमीन जूनमध्ये वावराइतकीच उघडी असते. नकाशावर हिरवा रंग, खाली नुसती राख. उपग्रहाच्या चित्रावरून जमिनीचा वापर ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

उलट काही बदल नकाशावर दिसतही नाहीत इतके अरुंद असतात आणि त्यांचा परिणाम रुंद असतो. पांदण घ्या. बैलगाड्यांनी आणि आता ट्रॅक्टरनं खचलेली पांदण दोन्हीकडच्या वावरांहून खाली गेलेली असते. पाऊस आला की तीच नाला होते आणि पाच-पन्नास वावरांचं गढूळ पाणी वाटेत कुठेही न थांबता थेट ओढ्यात नेऊन सोडते. क्षेत्रफळ पाहाल तर शिवाराचा शंभरावा भागही नाही. तसंच धुऱ्यांचं. वाटण्या आणि ट्रॅक्टर यांच्या मधे धुरे बारीक झाले, त्यांच्यावरची बोर-बाभळीची झाडं आणि गवत गेलं. धुऱ्याशी थांबणारी माती आता थांबत नाही. वावरातून सुटणारी माती तेवढीच, पण नाल्यापर्यंत पोचणारी जास्त.

नाला खोलीकरणाबद्दलही मी जरा वाकडं बोलणार आहे. सेलू तालुक्यातल्या तामसवाडा पॅटर्नचं कौतुक झालं, पुढे जलयुक्त शिवारात यंत्रांनी शेकडो नाले रुंद आणि खोल झाले. विहिरींना पाणी आलं, ते खोटं नाही. पण नाला हे मातीच्या थांब्याचंही ठिकाण असतं. त्याची वळणं सरळ केली, तळ उकरला, काठ उभे केले की पाण्याचा वेग वाढतो, आणि दीडशे वर्षं निजलेली माती उघडी पडते. बाहेर काढलेला गाळ काठावरच ढिगानं टाकला तर दोन पावसाळ्यांत तो परत आत. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही २०१७ ची योजना या बाबतीत मला जास्त शहाणी वाटते, कारण ती माती परत वावरात नेते. अर्थात वावराला बांध आणि धुरा नसेल तर ती तिथूनही निघायचीच. बांधांचंही हेच. भारी काळ्या जमिनीत पूर्ण समतल बांध घातले की पाणी तुंबतं, पीक पिवळं पडतं आणि बांध फुटून एकाच जागी घळ पडते. म्हणून या जमिनीला ढाळीचे बांध सांगितले आहेत. त्यांनी पाणी अडत नाही, हळू होतं. मातीला थांबायला एवढं पुरतं.

बुटीबोरीसारख्या औद्योगिक पट्ट्याचं चक्र आणखी निराळं आहे. गॉर्डन वोलमन यांनी १९६७ मध्ये मेरीलँडवरून ते दाखवलं. जंगल, शेती, बांधकाम आणि शहर असा क्रम असेल तर गाळ शेतीत वाढतो, बांधकामाच्या उघड्या मातीत शिखर गाठतो आणि सिमेंट-डांबर झाल्यावर एकदम घटतो. पण तेच सिमेंट पाणी जिरू देत नाही, म्हणून जास्त आणि स्वच्छ पाणी वेगानं खाली येतं, आणि रिकाम्या हातांनी आलेलं ते पाणी खालच्या नदीचे काठ खातं. बदल वर होतो, गाळ खालच्या गावाच्या काठातून निघतो.

शिवाय मध्ये धरणं आहेत. निम्न वणा प्रकल्पाची नांद आणि वडगाव ही दोन, बोर १९६५ पासून, धाम आहेच. धरण जाड कण आणि बराचसा बारीक गाळही अडवतं. गोदावरीच्या मुखाशी १९७१ ते १९७९ या काळात वर्षाला सुमारे १५ कोटी टन गाळ येत होता, १९९० ते १९९८ मध्ये तो पावणेसहा कोटींवर आला आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा मागे हटू लागला. या काळात गोदावरीच्या खोऱ्यात धूप इतकी घटली असं कोणी म्हणणार नाही. माती धरणांत आहे. थोडी रेतीघाटांवरून ट्रकमध्येही गेली आहे, आणि वणेची जाड रेती त्यातून कशी सुटेल?

मग मोजायचं तरी कुठे? केंद्रीय जल आयोगाचं वणेवर नांदगावला केंद्र आहे. तिथे प्रवाहाच्या दहापैकी सहा भाग खोलीवर बाटली बुडवून पाणी घेतात आणि गाळ तीन प्रकारांत वेगळा करतात. ०.२ मिलिमीटरहून मोठा तो जाड, ०.०७५ हून लहान तो बारीक, मधला मध्यम. धरणात किती गाळ येईल, पुलाखाली किती साचेल यासाठी हे आकडे मोलाचे आहेत. पण समुद्रपूर तालुक्यात गेल्या पाच वर्षांत केलेल्या बांधबंदिस्तीचा उपयोग झाला का, हे त्या बाटलीला विचारणं मला अन्यायाचं वाटतं. बारीक चिकणमातीचा भाग त्यातल्या त्यात लवकर बोलतो, कारण काळ्या मातीचे ते कण एकदा पाण्यात तरंगले की वाटेत फारसे बसत नाहीत. जाड कण मात्र पिढ्यांनी बोलतात.

गंमत म्हणजे जमीन मोजण्याच्या इतिहासातलं एक मोठं नाव हिंगणघाटच्याच मातीत आहे. भारताचं त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारा विल्यम लॅम्टन हैदराबादहून नागपूरला जाताना २० जानेवारी १८२३ रोजी इथे वारला आणि त्याची कबर इथे आहे. पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब करणाऱ्या त्या माणसानं एखाद्या वावरात जमिनीच्या पातळीची खूण असलेला एक दगड पुरून ठेवला असता, तर आज आपल्याला दोनशे वर्षांची धूप मोजता आली असती. तो त्याचा विषय नव्हता. पण आज तो आपला आहे आणि खर्चही फारसा नाही. उतारावरच्या दहा-वीस वावरांत लोखंडी खुंट्या रोवून त्यांचं उघडं पडलेलं टोक दर मे महिन्यात मोजायचं, धुऱ्याच्या वरच्या बाजूला किती माती चढली ते पाहायचं, लहान ओढ्यावर एक पाट बांधून पावसाळ्यात रोजचं पाणी गाळून घ्यायचं. कृषी विभागाच्या पाणलोट कामांत बांधाची लांबी आणि नाल्याची खोली लिहिली जाते, ही मोजणी लिहिली जात नाही.

२०२२ च्या जुलैत वणेला मोठा पूर आला, हिंगणघाटच्या वस्त्यांत पाणी शिरलं, वावरं खरडून गेली आणि पंचनामे झाले. आपत्ती निवारण निधीच्या निकषांत शेतात येऊन पडलेल्या गाळाचा थर तीन इंचांहून जास्त असेल तर तो काढायला मदत मिळते. निकष असावा लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण वर्षाला सव्वा मिलिमीटर या गतीनं जमिनीतून तेवढा थर जायला साठ वर्षं लागतात. ज्याच्या आजोबांच्या वेळेपासून तो जातो आहे त्याच्या वावरात तलाठ्याला पंचनाम्यात लिहिण्यासारखं काही दिसणार नाही. पऱ्हाटी थोडी खुरटी दिसेल, आणि मुरूम थोडा लवकर लागेल.